एका लॅपचा हिशोब: ॲलन कुलविकीचं प्रकरण

१९९० साली ज्युनिअर जॉन्सनने ॲलन कुलविकीला आपल्या टीमची गाडी चालवायला बोलावलं, दहा लाख डॉलर देऊ केले, आणि कुलविकी नको म्हणाला. नॅस्कारबद्दल बोलताना लोक १९९२ च्या सीझनची अटलांटातली शेवटची शर्यत सांगतात, आणि तो दिवस होताच तसा, पण माझ्या मते त्या दिवसाची मुळं या नकारात आहेत, म्हणून मी तिथून सुरुवात करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅस्कार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंग, गाड्या दिसायला रस्त्यावरच्या फोर्ड-शेवरलेसारख्या पण आतून पूर्ण शर्यतीसाठी बांधलेल्या, बहुतेक ट्रॅक लंबगोल, आणि वर्षभराच्या शर्यतींचे पॉइंट्स जोडून वर्षाचा चॅम्पियन ठरायचा. त्या काळी या मालिकेला विन्स्टन कप म्हणायचे. आता ड्रायव्हरचं करिअर यात कसं चालतं, तर साधारणपणे ड्रायव्हर हा नोकरदार असतो. गाडी मालकाची, इंजिन मालकाचं, स्पॉन्सर मालकाने आणलेला, ड्रायव्हरने येऊन गाडी पळवायची आणि पगार अधिक बक्षिसातला वाटा घ्यायचा. दोन वर्षं जिंकला नाही तर दुसरा कोणी त्या सीटवर बसतो. म्हणजे सगळी धडपड कशासाठी, तर चांगल्या मालकाची गाडी मिळावी म्हणून. आणि ज्युनिअर जॉन्सनपेक्षा मोठा मालक तेव्हा शोधूनही सापडला नसता. स्वतः ड्रायव्हर म्हणून ५० शर्यती जिंकलेला, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात चोरट्या दारूच्या गाड्या पळवत पळवत गाडी शिकलेला माणूस, आणि मालक म्हणून केल यारबरो आणि डॅरेल वॉल्ट्रिप या दोघांसोबत मिळून सहा चॅम्पियनशिप त्याच्या नावावर. असा माणूस समोरून बोलावतोय म्हटल्यावर कोणीही धावत गेला असता.

कुलविकी गेला नाही, कारण त्याची स्वतःची टीम होती. आणि ती टीम त्याने कशी उभी केली हे कळल्याशिवाय त्याचा नकार कळत नाही.

पोरगा विस्कॉन्सिनचा, मिलवॉकीजवळच्या ग्रीनफिल्डचा, जन्म १४ डिसेंबर १९५४, घराणं पोलिश वंशाचं, कॅथलिक. आई तो लहान असतानाच गेली. वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे, त्यामुळे घरात तेलाचा वास होताच, पण वडिलांनी सगळं आयतं हातात दिलं असं झालं नाही, याने गो-कार्टपासून सुरू करून आसपासच्या छोट्या ट्रॅकवर स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलं. मधे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, १९७७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी कॅम्पसमधून. आता आपल्याला इंजिनिअर म्हटलं की काही विशेष वाटत नाही, पण त्या काळातल्या दक्षिणेकडच्या गॅरेजमध्ये ही फार वेगळी गोष्ट होती. तिथे गाडीचं सेटिंग म्हणजे अनुभव, कान आणि हाताचा अंदाज, आणि हा माणूस यायचा तो ब्रीफकेस घेऊन. खरंच ब्रीफकेस घेऊन यायचा.

१९८४ मध्ये त्याने बुश सिरीजच्या, म्हणजे नॅस्कारच्या एका पायरी खालच्या मालिकेच्या, थोड्याशा शर्यती केल्या, आणि मग ठरवलं की आता दक्षिणेत, शार्लटला, जायचं, कारण सगळ्या टीम तिथेच. होतं नव्हतं ते विकलं. निघायच्या अगदी दोन दिवस आधी त्याचा ट्रक आगीत जळाला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की देवाच्या मनात नाहीये, हा दुसरी सोय करून निघाला. १९८५ मध्ये त्याने दुसऱ्याच्या टीमसाठी विन्स्टन कपच्या पाच शर्यती चालवल्या, आणि मालकाने टीम बंद करायचं ठरवल्यावर १९८६ मध्ये स्वतःच मालक झाला. मोठ्या टीमकडे गाड्यांची रांग असायची, प्रत्येक प्रकारच्या ट्रॅकसाठी वेगळी गाडी, याच्याकडे हातावर मोजण्याएवढं सामान. मोजकी माणसं, तीही टिकायची नाहीत, कारण मालक स्वतः रात्र रात्र काम करणारा आणि प्रत्येक बोल्ट आपल्याच पद्धतीने हवा म्हणणारा. त्याच्यासोबत काम करणं सोपं नव्हतं हे त्याच्या जवळचे लोकही मान्य करायचे. पण त्याच वर्षी तो मालिकेचा रुकी ऑफ द इयर ठरला, म्हणजे पहिल्यांदा पूर्ण उतरलेल्या ड्रायव्हरांमध्ये सर्वोत्तम. स्वतःची टीम, स्वतःचं इंजिनिअरिंग, स्वतःच स्टिअरिंगवर.

पहिला विजय यायला नोव्हेंबर १९८८ उजाडला, ठिकाण फिनिक्स, त्या ट्रॅकवरची विन्स्टन कपची पहिलीच शर्यत. शेवटी शेवटी पुढे असलेल्या रिकी रडच्या गाडीने दगा दिला आणि कुलविकी पुढे आला. जिंकल्यावर त्याने जे केलं ते आजही लोकांच्या लक्षात आहे. ओव्हल ट्रॅकवर गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आणि अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे अख्खी शर्यत त्याची खिडकी मैदानाच्या आतल्या बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला. कुलविकीने गाडी वळवली आणि पूर्ण फेरी उलट्या दिशेने मारली, त्यामुळे त्याची खिडकी थेट स्टँडकडे, आणि हात बाहेर काढून तो लोकांना दिसत होता, लोक त्याला दिसत होते. त्याने त्याला पोलिश व्हिक्टरी लॅप असं नाव दिलं. अमेरिकेत त्या काळी पोलिश लोकांवर विनोद करायची खोड होती, आणि याने तेच नाव आपल्या सगळ्यात आनंदाच्या फेरीला अभिमानाने लावलं, मला ही गोष्ट फार आवडते.

असो, नकाराकडे परत येतो. १९९० संपताना त्याचा झेरेक्स अँटिफ्रीझचा स्पॉन्सर सुटला. म्हणजे नेमकं वाईट वेळ चालू असताना जॉन्सनची ऑफर आली, पोटाला चिमटा बसायची वेळ आणि समोर दहा लाख. कुलविकीला वाटत होतं की मॅक्सवेल हाऊस कॉफीवाल्यांशी आपलं जमतंय, त्या भरवशावर त्याने नाही म्हटलं. आणि मग झालं असं की मॅक्सवेल हाऊसचा करार जॉन्सननेच मिळवला. हातातली नोकरी सोडली, आणि ज्याच्या भरवशावर सोडली तो स्पॉन्सरही त्याच माणसाकडे गेला. १९९१ चा सीझन कुलविकीने कायमच्या स्पॉन्सरशिवाय सुरू केला. आखाती युद्ध चालू असल्यामुळे डेटोनाच्या शर्यतीला काही गाड्या सैन्यदलांच्या रंगात उतरवल्या होत्या, त्यातली आर्मीची गाडी त्याच्याकडे आली, तेवढ्यावर ती शर्यत निघाली.

मग नशिबाने साथ दिली, पण ती कशी दिली ते बघा. मार्चमध्ये अटलांटाला हूटर्स या रेस्टॉरंटवाल्यांनी एका वेगळ्याच ड्रायव्हरच्या गाडीला पैसे दिले होते आणि ती गाडी क्वालिफाय झाली नाही, म्हणजे शर्यतीत उतरूच शकली नाही. आता कंपनीचं घर अटलांटात, लोक बोलावलेले, आणि ट्रॅकवर आपलं नाव कुठेच नाही. तिकडे कुलविकी पोल पोझिशन घेऊन, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात करायला, कोरी गाडी घेऊन उभा. एका वीकेंडपुरतं जमलं, मग ते पुढे चालूच राहिलं, आणि ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला त्याने शर्यत जिंकून दाखवली. लोक याला नशीब म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की स्पॉन्सर नसताना पोल घेण्याएवढी गाडी तयार ठेवणं हे नशिबात येत नाही, ते रात्री जागून येतं.

आता १९९२. ज्युनिअर जॉन्सनच्या ११ नंबरच्या गाडीत आला बिल एलियट, आणि सीझनच्या सुरुवातीलाच त्याने सलग चार शर्यती जिंकल्या. डेव्ही ॲलिसनने नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत, डेटोना ५००, जिंकली, मग वर्षभर आपटत धोपटत, हात मोडून घेऊनसुद्धा, पॉइंट्समध्ये वर राहिला. कुलविकीने दोन जिंकल्या, एप्रिलमध्ये ब्रिस्टल, जूनमध्ये पोकोनो. कुलविकीचा क्रू चीफ, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्या माणसांचा प्रमुख, पॉल अँड्र्यूज, शांत डोक्याचा माणूस आणि या मालकासोबत टिकलेल्या थोड्यांपैकी एक.

सप्टेंबरमध्ये डोव्हरला कुलविकीची गाडी आपटली, ३४ वा नंबर आला, आणि पॉइंट्समध्ये तो एलियटच्या २७८ ने मागे पडला. शर्यती उरल्या सहा. २७८ म्हणजे किती हे कळायला सांगतो, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात फरक असायचा फक्त ५ पॉइंट्सचा, जिंकून बोनस घेऊनही जास्तीत जास्त १८५ मिळायचे. म्हणजे पुढच्याने घसरल्याशिवाय हे भरून निघणं शक्यच नाही. त्या दिवशी त्याने स्वतःही आशा सोडल्यासारखं बोलून दाखवलं. पण पुढच्याच शर्यतीपासून एलियटच्या गाडीला एकेक दुखणं सुरू झालं, आणि कुलविकी मात्र प्रत्येक ठिकाणी मिळेल तेवढं गोळा करत राहिला. फिनिक्सला ॲलिसन जिंकला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. शेवटच्या शर्यतीला सहा जणांना हिशोबाने संधी होती: ॲलिसन पहिला, कुलविकी ३० ने मागे, एलियट ४० ने मागे, आणि त्यामागे हॅरी गँट, काइल पेटी, मार्क मार्टिन. हे ३० आणि ४० आकडे लक्षात ठेवा, सगळं त्यातच आहे.

१५ नोव्हेंबर १९९२, अटलांटा, हूटर्स ५००. दीड मैलाच्या आसपासचा वेगवान ट्रॅक, ३२८ लॅप. नॅस्कारचा दिग्गज रिचर्ड पेटी याची ही शेवटची शर्यत आणि पुढे स्वतःही चॅम्पियन झालेल्या जेफ गॉर्डन नावाच्या २१ वर्षांच्या पोराची पहिली, त्यामुळे एरवीही हा दिवस इतिहासात गेलाच असता. कुलविकीची गाडी फोर्ड थंडरबर्ड, आणि त्याने नॅस्कारची आणि फोर्डची परवानगी घेऊन पुढच्या बंपरवरच्या इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरं काढून टाकली, राहिलं फक्त अंडरबर्ड, म्हणजे दुबळ्या बाजूचा. सोबत मायटी माऊसचं चित्र. आपण लहान आहोत हे त्याने लपवलं नाही, बंपरवर लिहून आणलं.

आणि पहिल्याच पिट स्टॉपला, म्हणजे शर्यतीच्या मधे पेट्रोल-टायरसाठी बाजूला थांबतात तेव्हा, गाडीचा पहिला गिअर तुटला.

हे जरा नीट सांगतो. ट्रॅकवर गाडी सतत चौथ्या गिअरमध्ये पळते, त्यामुळे वेगाला फरक पडत नाही. पण पिटमधून थांबलेली गाडी उचलायची तर पहिला गिअर लागतो. तो नाही म्हणजे प्रत्येक स्टॉपनंतर क्रूने मागून ढकलायचं, ड्रायव्हरने वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत, इंजिन बंद पडू न देता गाडी बाहेर काढायची. इंजिन बंद पडलं की लॅप गेला, लॅप गेला की वर्ष गेलं. शिवाय तुटलेल्या गिअरचे तुकडे गिअरबॉक्समध्येच फिरतायत, ते कधी दुसऱ्या दातात अडकतील सांगता येत नाही. अशा गाडीने त्याला अजून जवळजवळ अख्खी शर्यत काढायची होती. तो स्वतः इंजिनिअर, आत काय चाललं असेल हे त्याला डोळ्यांसमोर दिसत असणार, आणि तरी तो पाय दाबून चालवत राहिला.

ॲलिसनला पहिल्या पाच-सहात राहणं पुरेसं होतं आणि तो तिथेच होता, पण अडीचशे लॅप उलटल्यावर त्याच्या अगदी पुढे एर्नी अर्व्हनची गाडी फिरली, ॲलिसन तिच्यावर आदळला, आणि त्याचा खेळ संपला. आता उरले दोघं, एलियट आणि कुलविकी, आणि दोघंच आलटून पालटून पुढे.

आता पॉइंट्सचा नियम. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०. एक तरी लॅप आघाडीवर राहिलात तर ५ जास्त. आणि सगळ्यात जास्त लॅप जो आघाडीवर राहिला त्याला आणखी ५. पॉल अँड्र्यूज पिटमध्ये उभा राहून हे लॅप मोजत होता. दोघांनाही शेवटचं पेट्रोल घ्यायला एकदा आत यायचंच होतं. जो जास्त वेळ बाहेर थांबेल त्याचे लॅप वाढणार, पण पेट्रोल संपायची भीतीही त्यालाच. अँड्र्यूजने कुलविकीला बाहेर ठेवलं. ३१० व्या लॅपपर्यंत ठेवलं. तेव्हा हिशोब असा जमला की आता एलियट उरलेले सगळे लॅप पुढे राहिला तरी लॅपच्या संख्येत कुलविकीला मागे टाकू शकत नाही. मग आत बोलावलं.

तो स्टॉप बघण्यासारखा आहे. टायर बदलायचे नाहीत, फक्त पेट्रोल, जरासं, आणि पहिला गिअर नसलेली गाडी ढकलून बाहेर. क्रूची माणसं मागून जोर लावतायत, इंजिन गुरगुरतंय, दोन क्षण वाटतं की बंद पडणार, आणि मग गाडी उचल खाते. पण पेट्रोल पुरेसं आत गेलंय की नाही याची खात्री नाही, म्हणून रेडिओवर सांगितलं की जपून चालव. म्हणजे शेवटचे लॅप, पुढे एलियट दिसतोय, त्याला गाठून जिंकावं असं कुठल्या ड्रायव्हरला वाटणार नाही, आणि याला मात्र पाय सैल ठेवायचाय. इथे मला तो जुना नकार आठवतो. नोकरदार ड्रायव्हर असता तर कदाचित तोही थांबला असता, पण या माणसाला ते पेट्रोल, तो गिअरबॉक्स, ती बक्षिसाची रक्कम, पुढच्या वर्षीचा स्पॉन्सर, सगळं स्वतःच्या खिशातलं होतं, मालकाचं डोकं आणि ड्रायव्हरचा पाय एकाच माणसात होता.

एलियट जिंकला, कुलविकी दुसरा. आता बेरीज करा. एलियट: १७५ अधिक ५, म्हणजे १८०. कुलविकी: १७० अधिक ५ अधिक ५, तेही १८०. दोघांनाही सारखेच पॉइंट्स, म्हणून आधीचा ३० आणि ४० मधला १० चा फरक जसाच्या तसा राहिला. शेवटचा आकडा ४०७८ विरुद्ध ४०६८. कुलविकी आघाडीवर होता १०३ लॅप, एलियट १०२. त्यातला एकच लॅप इकडचा तिकडे झाला असता तर बोनस एलियटला, दोघांची बरोबरी, आणि बरोबरीत वर्षभराचे विजय मोजतात, एलियटचे पाच, कुलविकीचे दोन. २९ शर्यतींचं वर्ष एका लॅपवर ठरलं, आणि हरलेली गाडी कोणाची, तर ज्युनिअर जॉन्सनची.

गाडी थांबल्यावर बाहेर यायच्या आधी त्याने आत बसूनच कंगव्याने केस विंचरले. टीव्हीवाले ताटकळत उभे. आणि त्या दिवशीही तोच उलटा लॅप, खिडकी लोकांकडे. स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेला चॅम्पियन रिचर्ड पेटीनंतर, म्हणजे १९७९ नंतर, पहिल्यांदाच होत होता, आणि पुढे असं घडायला २०११ उजाडलं, तेव्हा टोनी स्टुअर्ट, आणि तोही भागीदारीतल्या टीमचा. कॉलेजची डिग्री असलेला पहिला चॅम्पियनही हाच.

आता प्रश्न, नकार बरोबर होता का? जिंकल्यामुळे बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही, कारण एक लॅप कमी पडला असता तर हेच लोक हट्टी म्हणाले असते. मी वेगळ्या गोष्टीकडे बघतो. मॅक्सवेल हाऊसच्या पैशांवर धावलेली जॉन्सनची दुसरी गाडी १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत एकही शर्यत जिंकू शकली नाही, ते पैसे, ती मोठी वर्कशॉप, सगळं असून. म्हणजे पैसा म्हणजे वेग असं सरळ नसतं. कुलविकीकडे जे होतं ते असं की ड्रायव्हरला गाडीत काय जाणवलं आणि वर्कशॉपमध्ये काय बदललं यात मधे कोणी माणूसच नव्हता. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असलं की त्या माणसाशिवाय काहीच उरत नाही.

१ एप्रिल १९९३. चॅम्पियन होऊन साडेचार महिने झालेले. नॉक्सव्हिलला हूटर्सचा एक कार्यक्रम करून तो कंपनीच्या छोट्या विमानाने ब्रिस्टलच्या शर्यतीसाठी निघाला, ब्रिस्टल, जिथे तो दोनदा जिंकला होता. विमान टेनेसीतल्या ब्लाउंटव्हिलजवळ, उतरायला थोडंच अंतर उरलं असताना कोसळलं. तपासात इंजिनाच्या तोंडाशी साचलेल्या बर्फाचं कारण पुढे आलं. विमानातले चौघंही गेले. कुलविकी ३८ वर्षांचा होता. २०७ शर्यती, ५ विजय, २४ पोल, एवढं त्याचं करिअर. टीम काही काळ दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती चालली आणि मग वडिलांनी ती जेफ बोडाइनला विकली. २०१९ मध्ये त्याचं नाव शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये गेलं, म्हणजे ज्या शहरात तो ट्रक जळूनही पोचला होता तिथेच.

त्या शुक्रवारी ब्रिस्टलला पाऊस होता. त्याची गाडी वाहून आणणारा मोठा ट्रान्सपोर्टर, पुढच्या जाळीवर काळा हार लावलेला, ओल्या ट्रॅकवर हळूहळू फेऱ्या मारून गेटमधून निघून गेला. गॅरेजमधली माणसं उभी राहून बघत होती. रविवारी रस्टी वॉलेस जिंकला आणि त्याने उलटा लॅप मारला. जुलैमध्ये डेव्ही ॲलिसनही गेला, टॅलाडेगाला हेलिकॉप्टरच्या अपघातात. अटलांटाला पुन्हा नोव्हेंबर आला, तीच वर्षातली शेवटची शर्यत, तोच ट्रॅक, आणि गेल्या वर्षी इथे वर्षभराच्या हिशोबासाठी लढलेल्या तिघांपैकी दोघं नव्हते. शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली, चॅम्पियन झाला डेल अर्नहार्ट. दोघांनी गाड्या शेजारी शेजारी घेतल्या, एकाच्या खिडकीतून कुलविकीच्या ७ नंबरचा झेंडा, दुसऱ्याच्या खिडकीतून ॲलिसनच्या २८ चा, आणि दोघं उलट्या दिशेने, सावकाश, पूर्ण फेरी फिरले.